निवडण्या-सोलण्याचे सुख

सिल्वासा,
किंक्रांत.

प्रिय मित्रास,


तुझे पत्र भोगीच्या दिवशी सकाळी हाती पडले. आणि त्यात तू पोपटीचे जे वर्णन केले आहेस, म्हणजे शेताच्या बांधावर रात्री पेटविलेला तो जाळ, भांबुर्डीच्या पाल्याने आतून मढविलेले मडके, ओवा-मीठ पेरून त्यात रचलेल्या वालाच्या शेंगा आणि मडके उकलताना उठणारी ती वाफ, ते वाचून माझ्या तोंडास पाणी सुटले. परंतु त्या वर्णनाच्या शेपटीस तू जो प्रश्न बांधला आहेस, की पेन्शन सुरू होऊन एवढा काळ लोटला तरी मी या कारखान्यांच्या गावात का पडून आहे आणि माझा दिवस जातो तरी कसा, त्याचे उत्तर चार ओळींत देता येण्याजोगे नाही. किंक्रांतीस नवे कार्य आरंभू नये असा आपल्याकडे रिवाज आहे. पत्रोत्तर हे जुने देणे असल्याने त्यास ही बाधा नाही, अशी सोयीस्कर समजूत करून घेऊन लिहावयास बसलो आहे.

प्रथम तुझ्या पोपटीचा अभिमान थोडा उतरवितो. आमच्या या बाजूस, वलसाडहून वापीकडे येणाऱ्या रस्त्यावर, थंडी पडली की उंबाडियूच्या टपऱ्या लागतात. मातीच्या माठात कळार आणि कंबोई यांचा पाला घालावयाचा, त्यात पापडीच्या शेंगा, बटाटे, रताळी, जांभळा कंद आणि हिरव्या लसणाचे, आल्यामिरचीचे वाटण भरावयाचे, पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही न घालता माठाचे तोंड पाल्यानेच बुजवून तो जमिनीवर उपडा करावयाचा आणि भोवती पाचोळा, काटक्या, गोवऱ्या रचून आग द्यावयाची. मग हिरव्या चटणीबरोबर, ताकाच्या घोटासंगे ते खावयाचे. पाला निराळा, न्याय तोच. तुझ्या रायगडापासून आमच्या दमणगंगेपर्यंतच्या शेतकऱ्यांस, शेंगा भरल्या म्हणजे मडके उपडे करावे, ही एकच बुद्धी सुचली. ती कोणी कोणाकडून उचलली याचा निवाडा मी करीत बसत नाही.

तुम्हा मंडळींस सिल्वासा म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक, सांताना नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे मराठी आरमाराने जे नुकसान केले त्याच्या भरपाईपोटी, १७७९ च्या तहान्वये, पुण्याच्या दरबाराने नगर हवेलीतील ७२ गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगिजांस लावून दिला ती. आणि दुसरी, २ ऑगस्ट १९५४ ची, ज्या दिवशी महाराष्ट्रातून आलेल्या मूठभर तरुणांनी हे गाव मुक्त केले, ज्यांच्यात सुधीर फडक्यांसारखा स्वरांचा उपासक होता, आणि ज्या कार्यासाठी निधी जमावा म्हणून लता मंगेशकर पुण्याच्या हिराबागेत गावयास उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही घटनांचे महत्त्व कोण नाकारील? माझे तर सारे आयुष्य त्यांच्याच शेवटच्या हिशेबात गेले. पोर्तुगीज अमदानीत दिलेले आल्वारा आणि तेराम हे जमिनीचे हक्क १९७१ च्या जमीनसुधारणा कायद्याने मोडीत निघाल्यावर जी प्रकरणे वर्षानुवर्षे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडत राहिली, त्यांच्या दप्तरांची धूळ माझ्या फुप्फुसांत अद्याप असावी. परंतु गाव बारा महिने २ ऑगस्टलाच जगत नसते. त्याला उरलेल्या दिवसांत भाजी आणावी लागते, आणि आणलेली भाजी कोणीतरी निवडावी लागते.

ते काम सांप्रत माझ्याकडे आहे, हेच तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर.

घडले ते असे. पत्नीचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या कारभाराची फेरवाटणी झाली. फोडणी, मीठ आणि शेवटची चव हे तीन मुलूख तिने आपल्या खालशात ठेवले, आणि निवडणे, सोलणे, खवणे व चिरणे यांची सनद मला करून दिली. चिरण्याची मात्र तात्पुरती, काम पाहून. प्रारंभी मी हा कारभार ओट्यावर एकटाच, वर्तमानपत्र उघडे टाकून, कचेरीतील टपाल निकालात काढावे अशा गतीने उरकीत असे. शेजारी एक निवृत्त गुजराती मास्तर राहतात. मागच्या थंडीत एका संध्याकाळी ते वर्तमानपत्र मागावयास आले, समोर बसले आणि एक अक्षर न बोलता माझ्या सुपातली मूठभर पापडी आपल्याकडे ओढून सोलू लागले. वर्तमानपत्र तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या घरच्या ओल्या तुरीच्या शेंगा धोतराच्या सोग्यात घेऊन आले. आणि तेव्हापासून संध्याकाळचे पाच वाजले की आमच्या ओट्यावर ही सभा भरते, जिला अध्यक्ष नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, आणि गणसंख्येअभावी जी कधी तहकूब होत नाही.

तुला हसू येईल, पण अनुभवान्ती माझे असे मत झाले आहे की घरच्या स्वयंपाकातले जे सुख म्हणून आपण वाखाणतो, त्याचा मोठा वाटा चुलीवर आणि ताटात नसून त्यापूर्वीच्या या बैठ्या कामात असतो. जेवण पाव तासात संपते. त्यात बोलणे झाले तर ते आणखी आमटी वाढू का, एवढेच. चुलीपाशी एका वेळी एकच माणूस राजा असतो. परंतु सूप मध्ये ठेवून दोघे-तिघे शेंगा सोलावयास बसले म्हणजे हातांना काम असते, नजर खाली असते, आणि त्यामुळे गप्प बसण्याचा संकोच वाटत नाही, तसाच बोलण्याचाही वाटत नाही. समोरासमोर खुर्च्या मांडून, चहाचा कप हाती घेऊन जी गोष्ट मास्तरांनी मला कधीच सांगितली नसती, ती थोरल्या भावाशी वडिलार्जित घरावरून झालेल्या बेबनावाची हकीकत, त्यांनी तुरीचे दाणे काढता काढता अशी सांगितली की अर्धी सांगून ते थांबले, मध्ये बाजारभावाचा विषय झाला, आणि उरलेली अर्धी तीन दिवसांनी, हरभऱ्याच्या घाट्यांबरोबर, आपोआप बाहेर आली. किडकी शेंग हाती लागली की निमूट बाजूस टाकावी, तसे न रुचलेले वाक्य बाजूस टाकण्याची मुभा त्या बैठकीत प्रत्येकास असते. मी सल्ला दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. दाणे मात्र वाटीभर निघाले.

हे सारे मी पत्नीस मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आत्ता सोलायला बसलात म्हणून त्यात तत्त्वज्ञान निघालं. आम्ही जन्मभर सोललं, तेव्हा कुणी ओट्यावर बघायला आलं नाही." या उक्तीस उत्तर नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये निघाले, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये; दोन्ही ग्रंथांनी मराठी घरांवर केवढे उपकार केले, आणि 'रुचिरे'ने तर वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्या मुलींचा धीर वाढविला; पण पदार्थास किती वाट्या लागतात हे ग्रंथ सांगू शकतो, तो कोणाच्या संगतीने निवडावा हे सांगू शकत नाही, आणि ज्या बाईस अंधारात उठून एकटीने दहा माणसांचे निवडावे लागे, तिला त्यात संगतीचे सुख कोठून मिळावे? उन्हाळ्यात पापड लाटावयास साऱ्या आळीच्या बायका जमत, तेव्हा मात्र तेच कष्ट हसत पार पडत. तेव्हा माझ्या सिद्धान्तास मी पत्नीची दुरुस्ती जोडून घेतली आहे: काम वाटून घेतलेले असावे, आणि त्याचा हुकूम कोणी कोणास सोडलेला नसावा. सनदेच्या बाबतीत हा नियम आमच्या घरी पूर्णतः पाळला जातो असे म्हणता येत नाही, असो.

पावसाळ्यात या सभेची कसोटी लागते. मृगाचा पाऊस पडला की वारली बाया रानातून शेवळे आणि बांबूचे कोंब घेऊन बाजारात उतरतात. शेवळाची भाजी तुझ्याकडेही होते, तेव्हा तिचा खाजरा स्वभाव तुला ठाऊक आहेच: आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकावयाचा, काकडांच्या आंबट रसाने किंवा चिंचेने तिची खाज मारावयाची, आणि इतके करूनही घशाशी जरा काही खवखवले की स्वयंपाकिणीकडे संशयाने पाहावयाचे. मास्तरांच्या घरी ही भाजी पूर्वी कधी शिरली नव्हती. जिच्याकडून आम्ही ती घेतो त्या बाईने आमच्या हातांकडे पाहून, हे काम या दोन म्हाताऱ्यांना जमणार नाही असे आपल्याशीच हसून घेतले, आणि मग फुटपाथवरच बसून एक जुडी स्वतः साफ करून दाखविली. तिच्याजवळच मी नागलीचे पीठही घेतो. शहरांत सध्या नागलीची भाकरी हे साधेपणाचे आणि आरोग्याचे लक्षण ठरले असून तिची स्तुती करणाऱ्यांत मीही एक होतो. पण या बाईस मी ती सांगू लागलो तेव्हा तिने शांतपणे उत्तर दिले की घरात तांदूळ असता तर आम्हीही भातच खाल्ला असता. साध्या सुखांची महती गाणाऱ्याने हे वाक्य उशाशी ठेवून निजावे असे मला वाटते. जो साधेपणा निवडता येतो तेवढाच सुखाचा. उरलेल्यास दुसरे नाव आहे.

आता या तीन दिवसांची हकीकत. आमच्या या वसाहतीत कोण कोठला याची खानेसुमारी केली तर अर्धा हिंदुस्थान भरेल. पिपरियाच्या आणि मसाटच्या कारखान्यांनी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून माणसे ओढून आणली आहेत, आणि गुजराती, मराठी तर घरचेच. सूर्य मकरेत शिरला की हे सारे लोक एकाच आठवड्यात आपापल्या चुलीवर निरनिराळे शिजवितात. भोगीस आमच्याकडे पावटे, ओला हरभरा, वांगी, गाजर, बोरे यांची तिळाच्या कुटातली भाजी आणि तीळ थापलेली बाजरीची भाकरी. दुसऱ्या दिवशी उत्तरायणास मास्तरांकडे उंधियू आणि जिलबी. मागच्या खोलीतल्या बिहारी कुटुंबात दही, चुडा आणि तिलकूट. वरच्या तमिळ घरी पोंगल. पत्नीने भोगीची भाजी एका वाटीत घालून मास्तरांकडे धाडली. वाटी रिकामी परत करावयाची नाही हा दोन्हीकडचा रिवाज, म्हणून ती उंधियू घेऊन आली. आम्ही ती तिळगूळ घालून बिहाऱ्यांकडे पाठविली. आणि काल रात्री हळदीकुंकवाची तयारी चालू असता पत्नी वाट्या मोजू लागली तेव्हा आमची ती नावाची वाटी घरात नव्हती, तिच्या जागी कोणाचे तरी तमिळ अक्षरे कोरलेले भांडे होते. वाटीचा तपास चालू आहे. सामान परत मिळण्याबाबत घाई करू नये असे माझे मत पडले, कारण तपासाच्या निमित्ताने प्रत्येक घरी थोडे काहीतरी खावे लागते.

जिलबीवरून मात्र ओट्यावर वादंग झाले. जिलबी ही गुजरातची, असे मास्तर सहज बोलून गेले. मी त्यांस सांगितले की सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त यांनी लिहिलेल्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात जिलबी आहे, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोड्यांनी तिच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. मास्तरांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली आणि विचारले, "तमारा गोडेसाहेबने जलेबी बनावता आवडती हती?" गोडेसाहेबांस जिलबी करता येत होती की नाही, याचा पुरावा माझ्याजवळ नव्हता. प्रकरण त्या दिवसापुरते निकाली निघाले. परंतु अपिलाची मुदत अद्याप शिल्लक आहे, आणि तू आलास तर दोन मराठी साक्षीदार होतील.

म्हणून आता मूळ मुद्दा. माघ लागण्यापूर्वी ये. फ्लाइंग राणीने निघालास तर वापीस उतर. तेथून सिल्वासा सतरा-अठरा किलोमीटर आहे, मी स्टेशनवर येईन. तुला दुधनीचा जलाशय, खानवेलचे रान वगैरे दाखवीन, म्हणजे घरी जाऊन सांगावयास काही असेल. पण संध्याकाळी पाचच्या आत ओट्यावर परतावे लागेल. उंबाडियूचा माठ आधी सांगून ठेवतो. येताना अलिबागचे कडवे वाल दोन किलो घेऊन ये, बिरड्याचा बेत आहे. आदल्या रात्री भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणण्याचे काम पत्नी करील. सोलावयास आपण तिघे आहोत. वहिनींना सांग की सोललेल्या डाळिंब्या पाकिटात मिळतात हे आम्हास माहीत आहे. तसले पाकीट पिशवीतून निघाले, तर तुला वापीहूनच परत लावीन.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
जुना सहाध्यायी