लावणी, पेज आणि ताप

पावसाळ्यात अग्नी मंद होतो, असं चरकसंहितेत आहे. आजी म्हणायची, "आषाढात पोट हलकं ठेव." म्हणून लावणीच्या दिवसांत रात्री जुन्या तांदळाची पेज, मुगाचं कढण आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी. झोपताना पायाच्या भेगांना कोकमाचं तेल.

गेल्या वर्षी मात्र चुकलो. ताप, पोटऱ्या ठणकतायत, डोळे लाल. लावणीचा शीण असेल म्हणून तीन दिवस काढाच पीत बसलो. निघाला लेप्टो! उंदराच्या मुताचं पाणी पायाच्या जखमेतून शिरलेलं. उरलेली लावणी शेजाऱ्यांनी उरकली.

यंदा पेज तीच, पण पायाला जखम असली की चिखलात उतरत नाही. ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्र. गमबूट घेतलेत, पण लावणीत रुततात हो. तुम्ही काय घालता?