उतारावरची चाकोरी

मागच्या वर्षी मराठी मंडळाचा कार्यक्रम संपल्यावर मी मित्राला हाक मारली, "काय करायलास रे?" शेजारी उभे असलेले पाहुणे हसून म्हणाले, "ही कुठली मराठी?" त्यांनी सहजच विचारले असेल, पण तेव्हापासून मी ‘करायलास’ गिळून ‘करतो आहेस’ म्हणू लागलो. घरी आजी म्हणाली, "पेपर वाचून दाखवायलास काय?"

त्याच सुमारास ग्रंथालयातला इंग्रजी कोश चाळताना ‘स्लालम’ हा शब्द पुन्हा भेटला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान या शर्यतीत उतरला होता, तेव्हा तो नुसता कानावरून गेला होता. बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी वळणे घेत, स्कीवरून खाली यायचे, अशी ही शर्यत. शब्द मोठा ऐटबाज! मला वाटले, फ्रेंच किंवा लॅटिन असणार. निघाला नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या खेडुतांच्या बोलीतला. ‘स्ला’ म्हणजे उतरता आणि ‘लोम’ म्हणजे ओढत नेलेल्या वस्तूची मागे उमटलेली खूण. आपली चाकोरीच म्हणा ना. कन्नडमध्ये म्हणायचे तर जाडु. तिथल्या मोर्गेदाल खेड्यातल्या पोरांच्या अशा कितीतरी लोमी होत्या. उड्या मारायची ती हॉपलोम, रानातून बेफाम सुटायची ती व्हिलेलोम. स्लालोम त्यांतली सोपी.

त्या काळी नॉर्वेतली शहरी, शिकलेली माणसे लिहीत ती डॅनिश वळणाची भाषा. खेड्यातल्या ‘लोम’ला तिथे कोण विचारणार? पण १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी अर्नोल्ड लन या इंग्रज गृहस्थाने निशाणे रोवून नव्या पद्धतीची शर्यत घेतली, तीही याच नावाने. (या लनचा जन्म १८८८ चा, आपल्या मद्रासचा!) १९३६ मध्ये ती ऑलिंपिकच्या संयुक्त स्पर्धेचा भाग झाली आणि १९४८ मध्ये तिला स्वतंत्र पदक मिळाले. आम्हा वाणिज्यवाल्यांना उधारीचा हिशेब चटकन दिसतो: मोर्गेदालचा शब्द साऱ्या जगाने उचलला, परत कोणीच केला नाही. आपणही ‘अडकित्ता’ कन्नडकडून आणला, तो कुठे परत केलाय?

त्या रात्री आजीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "वाटंची खूण की मग! त्यात एवढं काय शोधायलास?"

"शोधत न्हाई गं," मी म्हणालो, "मासिकासाठी लिवायलोय."