मामांची हुंडणावळ

फुकट मिळालेल्या वस्तूवर माझी भारी भक्ती आहे. त्यामुळे माझ्या क्रेडिट कार्डावर वर्षभर साठलेल्या पॉइंटांबद्दल गेल्या दिवाळीत एक विजेची किटली घरपोच आली, तेव्हा मी ती चारदा उघडून पाहिली. घरात आधीच दोन किटल्या होत्या. "ही भोरच्या मामांना नेऊन द्या," सौभाग्यवती म्हणाल्या. मी ती रंगीत कागदात गुंडाळली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एस. टी. धरली.

भोरला मामांचे किराण्याचे दुकान आहे. पंतसचिवांचे संस्थान 1948 साली विलीन झाले, पण त्या काळात आजोबांनी करून घेतलेली सागवानी पेटी अजून गल्ल्याच्या जागी आहे. त्या पेटीशेजारी कार्डाचे यंत्र बसवायला लावले ते मी. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि 1 डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. ते वर्तमानपत्र काखेत मारून मी भोरला आलो होतो. "मामा, धसईचे दुकानदार कार्डे घासून घेतात, आणि तुम्ही?" भाच्याचा शब्द मामा मोडीत नाहीत. यंत्र आले.

तर गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांसाठी मी इंद्रायणी तांदूळ घेतला. बिल झाले दहा हजार. मी ऐटीत कार्ड पुढे केले, यंत्राने कुरकुरत कागद बाहेर टाकला, आणि मामांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली होती, "भाचा – 10,000". दुसरी, "हुंडणावळ – 236".

मला हसू आले. "मामा, हुंडी कसली आता?"

"नाव बदलले रे, काम तेच," मामा म्हणाले. "पूर्वी परगावी पैसे पोचवायचे तर सराफ हुंडी लिहून देई आणि आपली हुंडणावळ कापून घेई. तुझे दहा हजार माझ्या खात्यात येतील ते 9,764 होऊन येतील. शेकडा दोन प्रमाणे दोनशे, आणि त्या दोनशेंवर सरकारचा जीएसटी छत्तीस."

"दहा हजारांत दोनशे छत्तीस म्हणजे काही फार नाही," मी शहरी शहाणपणा केला.

मामांनी चष्मा कपाळावर चढविला. "दहा हजारांत नाही रे. या मालात मला सुटतात पाचशे. त्या पाचशेंतून दोनशे छत्तीस गेले. हमाल, वीज, उंदीर आणि मी, सगळे मिळून उरलेल्या दोनशे चौसष्टांत."

मी गप्प झालो. कापणी विक्रीवर होते, नफ्यावर नाही, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. किंवा मी कुणाला विचारले नव्हते. सोनार, कापडवाला यांना शेकडा दोन सोसतात. तांदूळ, साखर, तेल विकणाऱ्याचा अर्धा प्राण त्यात जातो.

पुण्याला परतल्यावर मी या विषयाचा नाद घेतला. सगळी कार्डे एका जातीची नाहीत. ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत आहे त्याच्याकडून डेबिट कार्डावर यंत्राद्वारे शेकडा 0.40 पेक्षा जास्त वटाव घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून ठरवून दिले. मोठ्या दुकानदारांसाठी ती मर्यादा 0.90. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर तर जानेवारी 2020 पासून वटावच नाही. मी रुपे डेबिट कार्ड दिले असते तर मामांचे पाचशे शाबूत राहिले असते! पण क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. त्यातला मोठा वाटा जातो कार्ड देणाऱ्या बँकेकडे, म्हणजे माझ्या बँकेकडे. आणि त्यातूनच ती मला पॉइंट देते.

म्हणजे किटली फुकट नव्हती. वर्षभरात ज्या ज्या दुकानात मी ऐटीत कार्ड काढले, त्या साऱ्यांनी मिळून ती घेतली होती, आणि मी ती रंगीत कागदात गुंडाळून त्यांतल्याच एकाला दिवाळी भेट दिली होती.

मामांचा राग कापणीवर नव्हता, हेही सांगितले पाहिजे. "बाजाराच्या पट्टीवर हमाली वेगळी लिहितात, तोलाई वेगळी. भांडता तरी येते," ते म्हणत. त्यांच्या बँकेच्या उताऱ्यात मात्र दिवसाचा एकच उरलेला आकडा येई. कोणत्या गिऱ्हाइकामागे किती गेले, ते मामा रात्री वहीत स्वतः मांडीत.

त्याच खेपेला कापूरहोळ, नसरापूर करीत मी वेल्ह्याला मामेभावाकडे गेलो होतो. तालुक्याला राजगडाचे नाव देण्याचे 2024 साली मंत्रिमंडळाने ठरविले, पण आमचा कंडक्टर "वेल्हे" असेच ओरडला. तोरण्याच्या पायथ्याशी भावाची खानावळ आहे. त्यानेही यंत्र घेतले होते, महिना साडेतीनशे भाड्याने. उन्हाळ्यात एका महिन्यात ते चार वेळा वाजले. म्हणजे एका वाजण्याला साडेसत्त्याऐंशी रुपये, आणि पिठले-भाकरीचे ताट दीडशेचे! त्याने यंत्र परत केले आणि भिंतीवर काळ्या चौकोनांचा कागद चिकटविला. गड उतरून आलेली पोरे रेंज शोधीत अंगणभर फिरतात, पण पैसे पुरे येतात. तेही कुणीतरी सोसतेच म्हणा. छोट्या दुकानांतल्या अशा व्यवहारांसाठी केंद्र सरकारने 2024-25 सालाकरिता सुमारे 1,500 कोटी रुपये धरले होते.

यंदा तांदळाला गेलो तेव्हा मी कार्ड घरीच ठेवले आणि मोबाईल काढला. मामांनी सवयीने यंत्र पुढे सरकविले.

"अरे, कार्डच दे की! तुझे पॉइंट बुडतील."

मामी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्याच किटलीतला. त्यांनी कप माझ्या हातात दिला, आणि पेटीवरचे यंत्र उचलून मुकाट्याने आत नेऊन ठेवले.