सावारीचा स्क्रू

शामिसेन हे जपानी तंतुवाद्य वाजवणारे आम्ही काही जण दर पंधरवड्याला एकमेकांना आपापलं वाजवणं पाठवतो. एक मित्र आओमोरीत, एक बाई सापोरोत, एक तरुण नेदरलँड्समध्ये, मी टोकियोत निशिकासाईला. पाठवायची ती उपज, नाहीतर स्वतःची नवी रचना. तारीफ करायची नाही, कानाला खटकलं ते सांगायचं, हा नियम माझा. तो करताना माझी खात्री होती की खटकण्यासारखं बहुतेक इतरांचंच निघेल.

मार्चमध्ये सापोरोच्या बाईंनी लिहिलं, "तुमची पहिली तार हल्ली फार खरखरते. सावारी थोडी उतरवाल का?" जपानी माणूस इतकं सरळ बोलला म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं असतं.

माझा पहिला संशय त्यांच्या हेडफोनवर. कारण आमचं रडगाणं नेहमी उलटं असतं. सावारी, म्हणजे पहिल्या तारेची झणझण, जास्त झाल्याची तक्रार कुणी करत नाही, ती पोचतच नाही. फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. मागून येणारी सलग झणझण त्याच्या लेखी पंख्याचा आवाज, ती तो पुसून टाकतो. सोळाव्या शतकात हे वाद्य र्‍युक्यू बेटांवरून साकाई बंदरात आलं, तेव्हा बिवा हे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांनी आपल्याकडची ही झणझण हौसेने त्यात आणली असं मानतात. ती घालवायला फोनला क्षणही लागत नाही.

यावर मी किती डोकेफोड केली आहे! घरी भिंतीला भिंत लागून शेजारी. रात्री वाजवायचं तर कातड्याऐवजी लाकडी कडांवर टेकणारी शिनोबी-गोमा घोडी लावावी लागते, आणि आवाजाबरोबर सावारीही मरते. म्हणून रेकॉर्डिंगसाठी दुपारी कराओके बॉक्स भाड्याने घ्यायचा, आवाज 'स्वच्छ' करणाऱ्या सगळ्या सोयी बंद करायच्या, रेकॉर्डर कातड्यासमोर न ठेवता दांड्याच्या वरच्या टोकाकडे ठेवायचा. एवढं करून सावारी जशीच्या तशी पोचवणारा आमच्यात मी एकटा. शिवाय मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना ऐकत वाढलेल्या कानाला सापोरोहून कुणी चार गोष्टी सांगाव्यात?

शेवटी कान तपासून घेतले. आलेखाची रेघ मधल्या सुरांपर्यंत सपाट, आणि पुढे 8000 हर्ट्झपर्यंत उतरतच गेलेली. वयाने ऐकू येणं कमी होतं ते वरच्या बाजूने, असं डॉक्टर म्हणाले. सावारीचं तेज नेमकं तिथेच असतं. मला जसजशी ती कमी ऐकू येत गेली, तसतसा मी ती वाढवणारा दांड्यामागचा स्क्रू पिळत गेलो होतो.

स्क्रू सैल करणं सोपं आहे. उपजेचं काय करायचं, हे मला अजून सुटलेलं नाही. निआगारीत, म्हणजे सा-प-सा मिळवलेल्या तारांवर, बोट नेमक्या त्सुबोवर, म्हणजे सुराच्या जागेवर, पडलं की न छेडलेली पहिली तार ओ देते. केसभर सरकलं की ती गप्प. बसवलेल्या चिजेत हात आपलं काम करतो, ओ मिळो न मिळो. उपजेत मात्र पुढे कुठे जायचं हे मी त्या ओवरूनच ठरवतो. भरघोस आली तर बाचि, म्हणजे नखी, रोखून तिला पुरती संपू द्यायची. अर्धवट आली तर सुकुइने तार वर उचलून दुसरीकडे निघून जायचं. आता जुनी रेकॉर्डिंग्ज ओळीने ऐकली, तर माझी अलीकडची प्रत्येक उपज षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज एवढ्यातच घुटमळते. जिथे ओ सगळ्यात मोठी, तिथेच मुक्काम. मधल्या कितीतरी जागांवर ती बारीक, तिरकी उमटते. त्या जागा मी कधी सोडून दिल्या, मला कळलंही नाही. मला वाटत होतं, हा वयाने आलेला ठेहराव. आओमोरीच्या मित्राने आमचा नियम मोडून 'वाजवण्याला खोली आली' असं लिहिलं होतं. तो निरोप मी जपून ठेवला आहे.

उपाय करून पाहिले. संगणकावर ध्वनीचा आलेख काढला की सावारी डोळ्यांना दिसते, पण ती वाजवून झाल्यावर. तोवर उपज केव्हाच पुढे गेलेली. दांड्यामागच्या अंगठ्याने थरथर जोखून पाहिली. माझा दांडा कोकीचा, म्हणजे आपल्याकडच्या दक्षिणेतल्या रक्तचंदनाचा, निर्यातीचे निर्बंध आवळल्यावर असा नवा मिळणं कठीण. इतकं घट्ट लाकूड, थरथर चांगली पोचवतं, पण ती खर्जाची. सावारीची धार अंगठ्याला कळत नाही. श्रवणयंत्र लावून पाहिलं, तर त्या दीडशहाण्या यंत्राने तीच झणझण गोंगाट समजून दाबायला घेतली. संगीतासाठी त्यात वेगळी सोय आहे म्हणतात. ती जुळवून घ्यायला अजून गेलेलो नाही. कानात यंत्र घालून बैठकीत दिसायचं नाही, हे त्यामागचं खरं कारण.

हिरोसाकीच्या, कानागीच्या शामिसेन स्पर्धांना गेलं की माझ्यासारखे लोक मागच्या रांगेत बसून कुरकुरतात. 1999 मध्ये योशिदा बंधूंचा 'इबुकी' हा अल्बम लाखावर खपला आणि तेव्हापासून पोरं वाजवताना पळत सुटली, असं काहींचं म्हणणं. ते अन्यायाचं आहे. जोंगारा बुशी हे लोकगीत पळवण्याची हौस त्याआधीचीच. माझी कुरकुर वेगळी. ही पोरं घोडीजवळ बाचि आपटत एकमेकांच्या व्हिडिओतून उचललेले तुकडे एकापुढे एक लावतात, आणि पहिल्या तारेला तोंड उघडायला वेळच देत नाहीत. गायकामागे कधी बसलेली नसतात. शामिसेनवादक ताकाहाशी चिकुझान (1910–1998) यांची दृष्टी लहानपणी गोवरात जवळजवळ गेली. दारोदार वाजवत हिंडले, गाणाऱ्यांची साथ केली. पुढे 1973 पासून शिबुयाच्या जाँ-जाँ या छोट्या नाट्यगृहात ते वाजवत, तेव्हा तरुण मुलं गर्दी करत. त्यांच्या रेकॉर्डवर पहिली तार बोलायचं थांबत नाही. हे सगळं मी आमच्या मंडळींना मोठ्या अधिकारवाणीने लिहीत आलो. ती तार मला पुरती ऐकू येत नव्हती, तेव्हाही.

आता मी मुद्दाम सान्सागारीत एक रचना करतो आहे. तारांची मिळवणी वेगळी, म्हणून ओ देणाऱ्या जागाही वेगळ्या आणि सवयीच्या मुक्कामांचा उपयोग कमी. कच्चा तुकडा पाठवला की सापोरोच्या बाई कुठे सावारी लागली, कुठे हुकली ते बारकाईने लिहून पाठवतात. मी तशा खुणा करून पुन्हा वाजवतो. म्हणजे ती उपज राहिली का, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. स्क्रू त्यांच्या सांगण्याप्रमाणे सैल केला आहे. मला तो आवाज मेणचट वाटतो, त्या म्हणतात आता बरोबर.

नेदरलँड्सच्या तरुणाला मात्र हा बदल रुचला नाही. जुनी खरखर का काढली, त्याने विचारलं. तीच तुमची ओळख होती, मी माझा स्क्रू पिळून पिळून तशी आणायला बघतोय आणि ती अजून जमत नाही. उत्तरात मी त्याला लिहिलं की ती यायला वर्षं जावी लागतात.