एकरी काय भाव?

परदेशी पत्रकारांना भारतात 'कॉन्टॅक्ट्स' मिळवून देणं हा माझा जोडधंदा. फोनमध्ये नऊशे नंबर आणि हातात मास कॉमची डिग्री. पण नेटवर्किंगचा खरा क्लास भरला तो माझ्या आजोळी, सौंदडला. तोही धानाच्या बांधीत!

'फिक्सर' म्हटलं की आपल्याला आठवतं २००० सालचं क्रिकेट आणि हॅन्सी क्रोनिए. म्हणूनच मी फिक्सर आहे हे घरी कधी सांगितलं नाही. आई शेजारच्या काकूंना सांगते, 'ती फॉरेनच्या चॅनलला मदत करते.' तेही तसं चुकीचं नाही. परदेशातून बातमीदार येतो. त्याच्याकडे पत्रकारांचा जे व्हिसा असतो, भारी रेकॉर्डर असतो, पण भाषा नसते आणि ओळखी नसतात. मग कोणाला भेटायचं, कुठल्या वेळी जायचं, चपला कुठे काढायच्या आणि पहिला प्रश्न कोणता विचारायचा नाही, हे सगळं सांगणारं एक माणूस लागतं. ते माणूस म्हणजे मी. पुण्यात राहते, फ्रीलान्स लिहिते आणि महिन्याचं भाडं बऱ्याचदा या कामातून निघतं.

गेल्या पावसाळ्यात एका रेडिओ पत्रकाराचा मेल आला. युरोपातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, भारतात येऊन जेमतेम तीन महिने झालेले. नाव नको, आपण तिला 'पाहुणी' म्हणू. पाहुणीने नेटवर्किंगचा कोर्स केल्यासारखी सुरुवात केली होती. दिल्लीत मथुरा रोडवरच्या फॉरेन करस्पॉन्डंट्स क्लबमध्ये पहिल्याच आठवड्यात हजेरी, मुंबईत आझाद मैदानाजवळच्या प्रेस क्लबमध्ये चहा, जिथे जाईल तिथे व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण. पंचेचाळीस कार्डं जमली होती. त्यातल्या तिघांनी परत फोन केला आणि दोघांनी तिलाच विचारलं, तुमच्या देशात नोकरी मिळेल का?

तिला पूर्व विदर्भातल्या जुन्या तलावांवर स्टोरी करायची होती. मी उत्साहाच्या भरात लिहून टाकलं, 'माझं आजोळच गोंदिया जिल्ह्यातलं आहे. सौंदड. काळजीच नको, सगळे आपलेच आहेत.' आणि दिवसाचे अडीच हजार सांगितले. खरं तर दुप्पट सांगायचे होते. पण मेल पाठवताना बोट थरथरलं. जास्त सांगितले आणि तिने दुसरं कोणी बघितलं तर? फ्रीलान्सर मंडळींना हे थरथरणं चांगलं ठाऊक असेल.

पाहुणीचा लगेच रिप्लाय. नकाशावर 'साउंड-डॅड' सापडलं, रेडिओसाठी याहून चांगलं नाव कुठलं!

सगळे आपलेच?

नागपूरहून निघालो. भंडारा, साकोली आणि मग सौंदड. मुंबई-कोलकाता हायवेवरून ट्रक धडधडत असतात, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी रेल्वेलाइनही इथूनच जाते. लहानपणी आम्ही मुलं डबे मोजायचो. तेवढ्या आठवणीच्या जोरावर मी 'सगळे आपलेच' लिहिलं होतं. प्रत्यक्षात आजी गेली तेव्हा आले होते, त्याला सात वर्षं झाली. मामेबहिणीच्या लग्नाला डेडलाइन होती म्हणून आलेच नव्हते.

मामांनी दारातच पाण्याचा तांब्या दिला. पाहुणीला म्हणाले, "बसा जी मॅडम." माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "नंबर आहे वं तुह्यापाशी माझा. फोनच नाही येत."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पण माझ्या नऊशे कॉन्टॅक्ट्समधला 'सौंदड मामा' हा नंबर मी शेवटचा कधी लावला होता, ते मला आठवेना.

जेवताना मी पाहुणीला 'मामा तलाव' समजावून सांगत होते. तिचा चेहरा गोंधळलेला. "कोणाच्या मामाचा?" सगळे हसले. मामा म्हणजे माजी मालगुजारी. हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. इथे मालगुजार होते आणि धानाला पाणी देणारे हजारो तलाव त्यांच्या ताब्यात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावापुढे 'माजी' लागलं. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. जवळचंच नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं इथलं पोरगंही सांगतं. आज यातल्या बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, काठांवर अतिक्रमण आहे. पाणी कमी पडलं की रोवणी लांबते. पाहुणीला हीच गोष्ट हवी होती, पण अधिकाऱ्यांच्या तोंडून नव्हे, बांधीत उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून.

मुलाखत कोणाची?

रोवणी चालू होती. पंधरा-सोळा जणी गुडघाभर चिखलात, वाकून पऱ्हे रोवतायत. मामीच्या ओळखीने आम्ही धुऱ्यावर उभ्या राहिलो. पाहुणीने माइक पुढे केला, मी प्रश्न विचारला, आणि सगळ्याजणी गप्प. कोणी हसली, कोणी पदर तोंडाला लावला. मी दुसऱ्या शब्दांत विचारलं. पुन्हा तेच.

मग जेवणाची सुट्टी झाली आणि मुलाखत सुरू झाली, पण उलटी. बायका विचारणार आणि पाहुणी सांगणार! बापाची शेती किती एकर? लग्न काऊन नाही केलं? माय एकटी राहते का? पाहुणी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती, मी भाषांतर करत होते. एकदम मजेत चाललं होतं. तेवढ्यात एका आजीबाईंनी विचारलं, "बोलाचे हिले किती भेटते?"

पाहुणीने खरा आकडा सांगितला. मी तो ऐकला आणि भाषांतर करताना सरळ निम्मा केला. का? मला वाटलं, उन्हापावसात राबणाऱ्या बायकांना तो आकडा टोचेल. खरं कारण मला नंतर कळलं. तो आकडा मलाच टोचला होता.

पण पाहुणी हुशार. तिने मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला, रुपयांत गुणाकार केला आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवला. भाषा येत नसली तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात. आजीबाईंनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आनि तुले?"

मी सांगितलं. या वेळी खरं. क्षणभर कोणीच बोललं नाही आणि मग सगळ्याजणी जी हसत सुटल्या! आजीबाई म्हणाल्या, "बोलून तं तूच राहिली, पोरी. आमी बांधीत पाय टाकाच्या पहिले एकरी भाव ठरवतो. तू एवढी शिकली, तुले भाव नाही ठरवता आला?"

हसण्याचा तो फुगा फुटल्यावर बायका बोलायला लागल्या. तलावाचा गाळ, पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं, रोवणी लांबली की बुडणारे मजुरीचे दिवस. रेकॉर्डर चाळीस मिनिटं चालू होता. आपले पत्ते आधी उघडे केले की समोरचाही उघडतो, हे मास कॉमच्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

तू अजून काय बदललंस?

संध्याकाळी अंगणात पाहुणीने शांतपणे विचारलं, "मी आकडा सांगितला तेव्हा तू काय म्हणालीस?" कॅल्क्युलेटर बघून बायकांचे चेहरे बदलले, ते तिने टिपलं होतं.

मी कबूल केलं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू एक आकडा बदलू शकतेस, तर दिवसभरात अजून काय बदललंस? मला कसं कळणार?"

मंडळी, या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. ओळखी जमतात, तुटतात, पुन्हा जमतात. पण परक्या भाषेत उभ्या असलेल्या माणसाचे कान आपण असतो. त्या कानांवरचा विश्वास गेला की संपलं.

मी वही काढली आणि दिवसभरात 'मऊ' केलेली वाक्यं एकेक करून सांगितली. तीन निघाली. सगळ्यात अवघड होतं एका तरुण बाईचं, 'हे बाई जाईन आनि इसरून जाईन. मंग कायले सांगाचं?' ते मी सरळ गाळलं होतं. पाहुणीने ते दोनदा म्हणायला लावलं, लिहून घेतलं आणि म्हणाली, "स्टोरीची सुरुवात यानेच होणार."

मग मीही धाडस केलं. म्हटलं, मला दोन गोष्टी हव्यात. एक, रेट. दुसरं, कार्यक्रमाच्या शेवटी माझं नाव. बोलताना कॅथरीन बूचं उदाहरण दिलं. मुंबई विमानतळाजवळच्या अण्णावाडीवर तिने २००७ पासून तीन वर्षांहून जास्त काम केलं. २०१२ मध्ये 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स' आलं, त्याला अमेरिकेचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. बूला इथल्या भाषा येत नव्हत्या. वस्तीतल्या माणसांपर्यंत ती पोहोचली मृण्मयी रानडे, कविता मिश्रा आणि उन्नती त्रिपाठी यांच्यामुळे, आणि पुस्तकात तिने तिघींची नावं घेऊन हे मान्य केलं आहे. जगभरातल्या कितीतरी फिक्सर मंडळींच्या वाट्याला मात्र 'एका स्थानिकाच्या मदतीने' एवढंच येतं.

नावाला पाहुणी लगेच हो म्हणाली. पैशांसाठी तिने ऑफिसला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. मागितले तेवढे नाही, पण अडीच हजारांपेक्षा बरेच जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा बांधीवर गेलो आणि त्या तरुण बाईला सांगितलं, तुझं वाक्य हिला आता सांगितलंय. ती पाहुणीकडे बघून म्हणाली, "मंग बसा जी." कालच्यापेक्षा जास्त बोलली.

कॉन्टॅक्ट लिस्ट

कार्यक्रम दोन महिन्यांनी आला. मी लिंक मामांना पाठवली आणि फोनवरून वाक्यावाक्याचं मराठी करून सांगितलं. काहीच न गाळता. शेवटी माझं नाव आलं तेव्हा मामी मागून ओरडली. मामा मात्र थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "सौंदड बराबर म्हनली का वं ते?"

बरोबर म्हणाली होती. गाडीत मी तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं.

पाहुणी सध्या दुसऱ्या राज्यात आहे. तिथे तिला कोणी ओळखत नाही. परवा मेसेज आला, 'इथे कार्ड वाटणं बंद केलंय. आधी सगळ्यांच्या प्रश्नांची उत्तरं देते. लग्न का नाही केलं, हा प्रश्न इथेही आहे.'

आणि मी? माझ्या फोनमध्ये अजूनही नऊशे नंबर आहेत. पण रविवारी सकाळी त्यातला एक न चुकता लागतो. मामा तब्येत, पाऊस आणि तलावाची पातळी सांगतात. मग मामी फोन हिसकावून घेते. नवीन काम मिळालं असं म्हटलं, की कोणाचं, कुठलं, कधी, हे काही विचारत नाही. तिचा एकच प्रश्न असतो.

"भाव ठरवला का वं पहिले?"