के-एन-के-पाच

ओटावातल्या एका कंपनीत असताना इनुइट लोकांच्या इनुक्तितुत भाषेतल्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायचं काम मी मागून घेतलं. घरचा छापखाना होता. श्रीलिपीतल्या मजकुराचा फॉन्ट बदलला की पानभर इंग्रजी कचरा कसा दिसतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मला कोण काय शिकवणार?

त्यात एक गोष्ट वाचून जास्तच शेफारलो. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने 1840 मध्ये क्री लोकांसाठी अक्षरं छापली, चहाच्या पेट्यांतल्या शिशाचे खिळे ओतून. त्या अक्षरांच्या रचनेवर देवनागरीची आणि पिटमनच्या लघुलिपीची छाप मानतात. तीच पद्धत पुढे इनुइट लोकांकडे गेली. तिच्यात मात्रा नाहीत, अक्षरच फिरवायचं: टोक वर असेल तर पि, उजवीकडे असेल तर पु, डावीकडे असेल तर पा. ही आपल्या बाराखडीची चुलत बहीण, असं मी चारचौघांत सांगत सुटलो.

फाइली नुनाकॉम या जुन्या फॉन्टमधल्या होत्या. कळ इंग्रजीची, उमटणारं अक्षर इनुक्तितुत. 'नुनावुत' हे कॅनडातल्या इनुइट प्रदेशाचं नाव लिहायचं तर स्मॉल के, कॅपिटल एन, कॅपिटल के आणि 5 चा आकडा.

माझ्या प्रोग्रामची पहिलीच ओळ चुकली. मजकूर हाती आला की आधी सगळं स्मॉल करून घ्यायचं, ही इंग्रजीवर काम करून जडलेली खोड. वर तिला कारणही शोधलं: या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, मग बिघडणार काय? पण स्मॉल के म्हणजे नु आणि कॅपिटल के म्हणजे वु. झाडून सगळ्या वुंचे नु झाले. कृतिदेव फॉन्टमध्ये स्मॉल डी दाबला तर पूर्ण क आणि कॅपिटल दाबला तर अर्धा, हे ज्याच्या बोटांना पाठ, त्याने ही चूक करावी!

दुसरी चूक बाराखडीच्या तोऱ्यातून झाली. आपल्याकडे 'की' म्हणजे क आणि दीर्घ वेलांटी, असे दोन संकेतांक. तिकडे दीर्घ स्वरासाठी अक्षरावर टिंब देतात, म्हणून मीही अक्षर वेगळं आणि टिंब वेगळं ठेवलं. पडद्यावर ठीक दिसलं. पण 1999 मध्ये, म्हणजे नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला त्याच वर्षी, युनिकोड 3.0 ने क्री, ओजिब्वे, इनुक्तितुत वगैरे भाषांना मिळून 630 संकेतांक दिले. त्यांत टिंबवालं अक्षर स्वतंत्र आहे, त्याची फोड होत नाही. त्यामुळे दीर्घ स्वराचा एकही शब्द माझ्या फाइलींत शोधून सापडेना.

हे सगळं उघडं पडलं ते नुनावुतमधल्या इकालुइतच्या, मुद्रितं तपासणाऱ्या एका वयस्कर बाईंमुळे. त्यांनी फोनवर पहिलं पान, मी केलं होतं तसंच्या तसं, मोठ्याने वाचून दाखवलं. मला भाषा येत नाही, तरी स्वतःच्या प्रदेशाचं नाव त्या भलतंच उच्चारताहेत एवढं कळलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे वाचता येतं?"

"नाही."

"मग तपासलं कोणी?"

कोणीच तपासलं नव्हतं.

तिसरी चूक सांगायची लाज वाटते. नव्या फाइली मी जुन्यांवरच सेव्ह केल्या होत्या. इतक्या नुंमधले मुळातले वु कोणते, हे आता कुठल्याच प्रोग्रामला सांगता येणार नव्हतं. त्या बाईंच्या कपाटात एक जुनी सीडी निघाली, म्हणून वाचलो.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधले अंक, स्मरणिका, आजोबांच्या आठवणी पडून असतील, तर फाइलीच्या नावातच फॉन्टचं नाव लिहून ठेवा. युनिकोडमध्ये आणाल तेव्हा मूळ फाइल पुसू नका. आणि पहिलं पान, ती भाषा येणाऱ्या कुणाकडून तरी, मोठ्याने वाचून घ्या.