उरलेल्या गोळ्या आणि शिकलेले जंतू

मैत्रिणींनो, आज घरातला औषधांचा डबा जरा उघडून पाहा. बाम, तापाच्या गोळ्या, पोटदुखीचं चूर्ण आणि तळाशी बहुधा एखादी अर्धी वापरलेली पट्टी सापडेल. तिच्या पाठीवर उभी लाल रेघ असेल. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून आपणच ती जपून ठेवलेली असते. आपण काटकसरी बायका, महागाची गोळी टाकवत नाही हो!

या लाल रेघेचा अर्थ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असा आहे. तो लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली मोहीमही काढली. पण शेजारच्या मुलाला ताप आला की आपण सहज म्हणतो, “अहो, आमच्याकडे आहेत की दोन गोळ्या, घेऊन जा.” शेजारधर्मच तो! त्यातून काय होतं, ते मला सासूबाईंच्या आजारपणात कळलं.

गेल्या वर्षी त्यांना लघवीला जळजळ होऊन थंडीताप आला. नेहमीच्या गोळ्यांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी लघवी कल्चरला पाठवली. रिपोर्टात औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एकेक अक्षर होतं. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे जंतू त्याला दाद देणार नाही. यादीत ‘आर’च जास्त! शेवटी रोज इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या बऱ्या झाल्या, पण ‘एस’ एकही नसता तर काय केलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. म्हणून आमच्या विज्ञानाच्या बाईंनाच गाठलं. त्या म्हणाल्या, “अगं, आपलं शरीर औषधाला सरावत नाही, जंतू सरावतात.” काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. औषधाने दुबळे मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. त्यातून चिवटपणाचा हा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. आपण विरजण देतो ना शेजारी, तसंच!

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये लागला. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच्या मनाने थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शिकून शहाणे होतात. तेच जंतू बायकोला जातात, तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती दगावते. चूक नवऱ्याची, जीव गेला बायकोचा! आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, त्याआधीच हा इशारा देऊन झाला होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे गेली.

तुम्ही म्हणाल, आम्ही दोन गोळ्या कमी घेतल्या तर असा काय फरक पडणार? दोष सगळा आपल्या डब्याचा नाहीच. २००७ साली संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतकं नसतं! कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून कोलिस्टिन देत असत. माणसाला अगदी शेवटचा उपाय म्हणून देतात ते हे औषध. भारतात जनावरांसाठी त्याच्यावर २०१९ साली बंदी आली. म्हणजे नदी, गोठा, इस्पितळ आणि आपलं स्वयंपाकघर एकाच दोरीत बांधलेली आहेत. चिवटपणा यांतल्या कुठून कुठे आणि किती जातो, हा आज संशोधकांपुढचा मोठा प्रश्न आहे. जंतूंनाच खाणारे विषाणू औषध म्हणून वापरता येतील का, यावरही काम चालू आहे.

आणखी एक वाद ऐका. ‘कोर्स पुरा करा’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही डॉक्टरांनी विचारलं, की खरोखर इतके दिवस औषध लागतं का? काही आजारांत कमी दिवसही पुरतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. मात्र याचा अर्थ बरं वाटलं की आपल्या मनाने थांबावं, असा मुळीच नाही हं! किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. क्षयाच्या औषधात तर एक दिवसही चुकवू नये.

आपल्या हातात काय आहे? साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरू नये. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ते आणू नये, चिठ्ठीत लिहिल्याहून जास्तही घेऊ नये. उरलंच तर शेजारी देऊ नये, मोरीत ओतू नये. मुलांच्या लसी वेळेवर द्याव्यात, हात साबणाने धुवावेत. आजारच टळला तर औषधाची गरज कशाला पडेल?

आणि शेजारीण गोळ्या मागायला आलीच, तर तिला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. शेजारधर्म तसाही पाळता येतो.